घरातली वेट ट्रेनिंग (बेळगाव भाग)

घरातली वेट ट्रेनिंग म्हणजे जिमची फी न भरता घराच्या सोप्यात (ओसरीत), गच्चीवर नाहीतर परड्यात वजन उचलून ताकद वाढवणं. बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात हे काय नवीन नाही, तालमीत जोर-बैठका आणि मुद्गल आधीपासून आहेतच (तालमीला कन्नडमध्ये गरडी मने म्हणतात), आता पोरं वर्कआउट म्हणतात इतकंच.

अंगाला सवय झाली की वजन नाहीतर रेप्स (एका दमात किती वेळा उचललं तो आकडा) थोडे वाढवावे लागतात, सगळा खेळ त्याच्यावर. म्हणून ५ किलोची फिक्स डंबेल जोडी घेऊ नये, थोड्या महिन्यांत ती हलकी पडते आणि मग दार अडवायला कामाला येते. त्यापेक्षा दोन छोटे रॉड, एक लांब रॉड आणि सुट्या प्लेटा बऱ्या. प्लेटा किलोवर मिळतात, लोखंडी महाग पण जन्मभर टिकतात, प्लास्टिकच्यात आत सिमेंट-वाळूचा भराव असतो त्यामुळं त्या जाड होतात आणि आपटल्या की फुटतात. जुन्या घेताना रॉड सोबत न्यावा, कारण घरगुती प्लेटचं भोक साधारण २८-३० मिमी आणि ऑलिंपिक प्लेटचं (जिममधल्या मोठ्या रॉडची प्लेट) ५० मिमी, स्वस्त मिळाल्या म्हणून उचलून आणायच्या आणि मग त्या रॉडवर डुगडुगत बसायचं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात एवढ्या फाउंड्र्या (लोखंड ओतायचे कारखाने) आहेत तर ओतूनच घेऊया की, असं डोक्यात येतंच, पण चार नगांसाठी साचा करणं परवडत नाही.

खिशात काहीच नसलं तर घरातले कॅन भरून वजन करावं, पाणी लिटरला १ किलो, कोरडी वाळू साधारण दीड किलो, म्हणजे तेलाचा ५ लिटरचा कॅन वाळूनं भरला की ७-८ किलो झाला. सॅकमध्ये विटा घालून बैठका माराव्यात. पाइपाच्या टोकांना डब्यात सिमेंट ओतून केलेलं वजन मात्र डोक्यावर नेऊ नये, पाइपातनं निसटतंय.

आठवड्यात ३ दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. बैठक, दंड, रोइंग (वाकून वजन पोटाकडं ओढणं), डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन पाठ सरळ ठेवून उचलत उभं राहणं), शोल्डर प्रेस (वजन खांद्यावरनं डोक्यावर ढकलणं), प्रत्येकी ८ ते १२ रेप्सचे ३ सेट (फेऱ्या). तिन्ही सेटात १२ नीट झाले की वजन वाढवायचं. एकट्यानं बेंच प्रेस (बाकावर झोपून रॉड छातीवरनं वर ढकलणं) नको, जमिनीवर झोपून डंबेल प्रेस करावा.

पावडरीची गरज नाही, अंड्यात ६ ग्रॅम आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅम प्रोटीन असतंय, फक्त शेंगदाण्यात निम्मं तेलच असल्यामुळं मूठ आवरावी.

खानापूरकडच्या पावसात लोखंड लगेच गंजतंय, तेलाचं फडकं मारून प्लेटा फळीवर ठेवाव्यात.