घरगुती सोलर आणि बॅटरी: मागणी नोंदवण्यापूर्वी वाचावे असे माहितीपत्रक

"तीन किलोवॅटच्या पॅनलला बॅटरी किती लागते?" हा प्रश्न आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक पहिल्याच भेटीत विचारतात, आणि आम्ही एका आकड्यात उत्तर देत नाही म्हणून काहीसे नाराजही होतात. या प्रश्नाला एका आकड्याचे उत्तरच नसते. पॅनल किती घ्यायचे हे वर्षभराच्या वीज वापरावरून ठरते, तर बॅटरी किती घ्यायची हे लाईट गेल्यावर घरात काय काय चालू राहायला हवे आणि किती तास, यावरून ठरते. एकाच लेआउटमधील दोन शेजाऱ्यांच्या गच्चीवर सारखेच तीन किलोवॅट असले तरी एकाला तीन युनिटची बॅटरी पुरते आणि दुसऱ्याला आठ युनिटचीही कमी पडते. हे पत्रक प्रामुख्याने त्या दुसऱ्या हिशेबासाठी लिहिले आहे, कारण बहुतेक ग्राहकांची आणि आमचीही सर्वांत जास्त अडचण तिथेच होते.

प्रथम पॅनलविषयी थोडक्यात. कृपया फक्त मे महिन्याचे बिल घेऊन येऊ नये. नागपुरात उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे बिल यांत मोठा फरक असतो. ज्या घरात डिसेंबरात दीडशे युनिट लागतात, त्याच घरात एसी आणि कूलर सुरू झाल्यावर पाचशे युनिट होतात. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर दिलेला असतो. त्या बारा महिन्यांची बेरीज करावी आणि तीत बिलाची रक्कम न धरता युनिट धरावेत. आपल्या भागात एक किलोवॅट पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देते, म्हणजे महिन्याला ११० ते १२०. वर्षाचा वापर ३,६०० युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी ३०० असेल, तर तीन किलोवॅट पुरेसे होतात. मे महिन्याचे बिल पाहून पाच किलोवॅट मागणाऱ्या ग्राहकाला आम्ही तीनच सुचवतो, तेव्हा आमचे नुकसान होत असले तरी त्यांचा फायदा होतो. नेट मीटरमुळे, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमुळे, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात हे खरे, पण आर्थिक वर्षाच्या अखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटांना तुमच्या घरगुती दराइतका भाव मिळत नाही. शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते. तीन किलोवॅटच्या पुढे अनुदान वाढत नाही, आणि बॅटरीसाठी या योजनेत वेगळे अनुदान नाही.

आता बॅटरीचा मूळ मुद्दा. साध्या ऑनग्रिड यंत्रणेत, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या पुरवठ्याशी जोडलेल्या यंत्रणेत, लाईट गेली की भर दुपारीसुद्धा सोलर बंद पडते. हा बिघाड नाही. बाहेरचा वीजपुरवठा खंडित झाल्यावर तुमच्या गच्चीवरची वीज तारांमध्ये गेली, तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवाला धोका होईल. म्हणून ऑनग्रिड इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) काही क्षणांत स्वतःहून थांबतो आणि तसे थांबणे सक्तीचे आहे. लाईट नसतानाही घर चालायला हवे असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीवरही चालणारा इन्व्हर्टर, आणि बॅटरी लागते. आज फक्त पॅनल बसवून बॅटरी पुढच्या वर्षी घेण्याचा विचार असेल, तर ते आम्हाला आजच सांगावे. साध्या ऑनग्रिड इन्व्हर्टरला नंतर बॅटरी जोडता येत नाही, आणि मग तो बदलावा लागतो किंवा शेजारी दुसरे यंत्र बसवावे लागते.

बॅटरीने बिल कमी होईल, या समजुतीने ती घेऊ नये. नेट मीटर असलेल्या घरात दिवसाची जास्तीची वीज महावितरणकडे जमा होते आणि रात्री परत मिळते. ती सोय बॅटरीपेक्षा स्वस्त आहे. बॅटरी असते ती लाईट जाण्याच्या वेळेसाठी. तुमच्या वस्तीत महिन्यातून एखाद दुसऱ्या वेळी अर्धा तास लाईट जात असेल आणि घरात चांगला चालू इन्व्हर्टर असेल, तर आम्ही बॅटरी न घेण्याचाच सल्ला देतो. ज्यांच्याकडे एप्रिल ते जूनच्या वादळांत झाडे पडून तासन्‌तास लाईट येत नाही, ज्यांच्या घरी आजारी किंवा वयस्क माणसे आहेत, किंवा ज्यांचे काम घरूनच चालते, त्यांच्यासाठी हा खर्च योग्य आहे.

यादी कशी करावी

ज्या एका चुकीमुळे आमची पाहणी दोनदा आणि तीनदा करावी लागते, ती ही: ग्राहक उपकरणांची नावे सांगतात, पण तास सांगत नाहीत. "दोन पंखे, कूलर, टीव्ही, फ्रिज" एवढ्यावरून बॅटरी काढता येत नाही. बॅटरीच्या बाबतीत दोन आकडे वेगळे असतात. एका वेळी किती भार चालेल हे इन्व्हर्टरच्या किलोवॅटवर अवलंबून असते आणि तो भार किती वेळ चालेल हे बॅटरीच्या युनिटवर. गच्चीवरची टाकी कितीही मोठी असली तरी अर्ध्या इंचाच्या तोटीतून एका वेळी ठराविकच पाणी येते, आणि तोटी मोठी केली तर टाकी लवकर रिकामी होते. इन्व्हर्टर ही तोटी आणि बॅटरी ही टाकी समजावी.

एक हिशेब येथे पूर्ण करून दाखवतो. जुन्या पद्धतीचे तीन पंखे प्रत्येकी ७५ वॅट धरून २२५ वॅट, सहा एलईडी दिवे मिळून ६०, टीव्ही ८०, वायफाय १०, खिडकीतला कूलर पंपासह २००, आणि फ्रिज अधूनमधून बंद होत असल्याने सरासरीने ६०; एकूण ६३५ वॅट झाले. चार तासांचे २,५४० वॅट-तास, म्हणजे अडीच युनिटांहून थोडे अधिक. इन्व्हर्टरमध्ये होणारी घट धरून बॅटरीतून सुमारे २.८ युनिट काढावे लागतील. लिथियम बॅटरीची सुमारे ९० टक्के क्षमता वापरता येते, म्हणून किमान ३.१ युनिटची बॅटरी हवी, आणि बाजारात सहज मिळणारी ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी ५.१२ युनिटची असल्याने ती या घराला आरामात पुरते. ट्यूब्युलर बॅटरी, म्हणजे घरगुती इन्व्हर्टरची नेहमीची लेड-ॲसिड बॅटरी, निम्म्याहून जास्त रिकामी करणे तिच्या आयुष्याला मारक असते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या एका बॅटरीत १.८ युनिट असतात, त्यांपैकी ०.९ वापरायचे, म्हणजे याच घराला चार बॅटऱ्या लागतात. तेच तीन पंखे ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटरचे, घेतले तर चार तासांत अर्ध्या युनिटाहून जास्त वाचते. बॅटरी मोठी करण्याआधी पंखे बदलावेत असे आम्ही म्हणतो ते यासाठी. पंखे आम्ही विकत नाही.

या यादीत दीड टनाचा एसी घातला की हिशेब पार बदलतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, कॉम्प्रेसर फारसा थांबत नाही, त्यामुळे इन्व्हर्टर एसीसुद्धा चार तासांत सहज चार-पाच युनिट घेतो. बाकीच्या सगळ्या घराला लागते त्याच्या दीडपटीहून जास्त वीज तो एकटा ओढतो. एसी बॅटरीवर चालवणे शक्य आहे, आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना आम्ही तशी यंत्रणा बसवूनही देतो, पण तेव्हा इन्व्हर्टर, बॅटरी आणि पॅनल तिन्ही वाढतात. पॅनल तेवढेच ठेवून नुसती बॅटरी वाढवली, तर पावसाळ्यात ढगाळ दिवसांची रांग लागली की घर चालवून ती उन्हाने पूर्ण भरत नाही आणि शेवटी महावितरणच्या विजेवरच भरावी लागते.

बॅकअप बोर्डाविषयी विनंती

आम्ही प्रत्येक घरात बॅकअपसाठी वेगळा बोर्ड, वेगळ्या एमसीबी आणि वेगळी वायरिंग करतो. गिझर, पाण्याची मोटर, इस्त्री, आणि ठरलेला नसेल तर एसी, त्यावर घेत नाही. आमचे दरपत्रक काही जणांना जास्त वाटते, त्यातील फरक मुख्यतः या कामाचा आणि अर्थिंगचा असतो. बसवून झाल्यावर मात्र अनेकदा घरचा वायरमन सोयीसाठी एखादा पॉइंट या बोर्डावर जोडून देतो. मग वादळी संध्याकाळी लाईट जाते, घरात बोअरची मोटर सुरू केली जाते आणि इन्व्हर्टर लाल दिवा दाखवून बंद पडतो. एक एचपीची मोटर चालताना एक किलोवॅटच्या आसपास घेते, पण सुरू होताना काही क्षण त्याच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवण्यासाठी थांबतो. "बॅटरी खराब निघाली" म्हणून आम्हाला बोलावले जाते. आमचा माणूस बोर्ड उघडतो तेव्हा आमच्या क्रमांक घातलेल्या तारांमध्ये एक नवी, क्रमांक नसलेली तार दिसते. उन्हाळ्यात आमचे तंत्रज्ञ अशा फेऱ्यांत अडकल्यामुळे खऱ्या बिघाडाच्या घरी पोचायला उशीर होतो. म्हणून बॅकअप बोर्डाला नवे काही जोडायचे असेल तर आधी कळवावे. भार बसत असेल तर आम्ही स्वतः जोडून देतो, आणि बसत नसेल तर कारण सांगतो. बोर्डाच्या झाकणाच्या आत भाराची यादी चिकटवलेली असते. ती काढू नये.

बॅटरी कोठे ठेवायची हा आमच्या शहरात गंभीर प्रश्न आहे. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात जे तापमान होते, त्यात कोणतीही बॅटरी टिकत नाही. लेड-ॲसिड बॅटरीच्या बाबतीत तापमान २५ अंशांच्या वर दर १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते असे धरले जाते. लिथियम बॅटरीतील संरक्षक यंत्रणा फार उष्णतेत चार्जिंगच थांबवते, आणि ग्राहकाला वाटते की पॅनल काम करत नाही. जिन्याखालची किंवा उत्तरेकडील खोलीतली हवेशीर जागा आम्ही पसंत करतो, त्यासाठी केबल लांब न्यावी लागली तरी चालेल. ट्यूब्युलर बॅटरी चार्ज होताना ज्वलनशील हायड्रोजन वायू बाहेर टाकते, त्यामुळे ती बंद कपाटात, स्वयंपाकघरात किंवा जिथे समई तेवत असते त्या देवघराजवळ कधीही ठेवू नये. तिच्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे; घरच्या आरओचे पाणी चालत नाही.

जुन्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत नवी बॅटरी जोडून देण्याची मागणी वारंवार येते. आम्ही ती मान्य करत नाही, कारण जोडणीतील सर्वांत कमकुवत बॅटरी बाकीच्यांनाही आपल्या पातळीवर आणते आणि नव्या बॅटरीचे पैसे वाया जातात.

गच्चीविषयी दोनच गोष्टी. सावली मे महिन्यात पाहू नये. मेच्या अखेरीस दुपारी सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो आणि टाकीची सावली तिच्या पायाशीच राहते; डिसेंबरात मात्र भर दुपारीही तो दक्षिणेला सुमारे ४५ अंशांवर असतो, त्यामुळे पाच फुटी टाकीची सावली पाच फूट लांब पडते, आणि सकाळ-संध्याकाळ त्याहून पुष्कळ जास्त. आमचा माणूस टाकीपासून अंतर मोजून पॅनल मागे-पुढे करतो तेव्हा कृपया घाई करू नये. दुसरी गोष्ट उष्णतेची. पॅनलवर लिहिलेली क्षमता २५ अंश तापमानाच्या चाचणीतली असते. मे महिन्यात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापते आणि दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के घट धरली तर १४ टक्के वीज त्यातच कमी होते. तीन किलोवॅटच्या पॅनलवर ॲपमध्ये दुपारी २.३ किंवा २.४ दिसले, तर ते ठीक आहे. कोराडी आणि खापरखेडा परिसरातील ग्राहकांनी तिथल्या औष्णिक वीज केंद्रांच्या राखेमुळे पॅनल इतरांपेक्षा अधिक वेळा धुवावेत, पण ते सकाळी लवकर, काच थंड असताना.

भेटीस येताना वीज बिल, मंजूर भाराची माहिती, गच्चीचे चारही दिशांनी काढलेले फोटो आणि वर सांगितल्याप्रमाणे तासांसह केलेली उपकरणांची यादी आणावी. यादी कागदावर हाताने लिहिलेली असली तरी चालते. आकडे कळत नसतील तर उपकरणामागच्या चिठ्ठीचा फोटो पुरतो. एवढे असले की पाहणी एकाच भेटीत होते आणि दरपत्रकात बॅटरी कशी काढली त्याचा संपूर्ण हिशेब आम्ही लिहून देतो. तो हिशेब इतर कोणत्याही विक्रेत्याला दाखवून पडताळून घेण्यास आमची हरकत नाही. पीएम सूर्यघर योजनेतील कामांना पाच वर्षांची देखभाल विक्रेत्यानेच द्यायची असते; बॅटरी योजनेबाहेर असली तरी आम्ही बसवलेल्या बॅटरीची तपासणी त्याच भेटीत करून देतो. मे-जूनमध्ये कामांची गर्दी असल्यामुळे उन्हाळ्यापूर्वी बॅटरी हवी असणाऱ्यांनी नोंदणी फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत करावी.