बॅरोनेटच्या किताबावर वारसाचं नाव कसं लागतं? पात्रता, दाखले आणि अर्जाची प्रक्रिया

ब्रिटनमध्ये एखादा बॅरोनेट (म्हणजे वंशपरंपरेने चालणारा ‘सर’ किताब असलेला माणूस) वारला की किताब त्याच क्षणी वारसाकडे जातो. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. पण सरकारी कागदांत त्या वारसाच्या नावामागे ‘सर’ लावायचं की नाही, हे लंडनमधल्या एका नोंदवहीवरून ठरतं. वडील गेले की शेतजमीन कायद्याने मुलांची होतेच, पण सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत बँक दारात उभं करत नाही. तसाच हा मामला. या नोंदवहीचं नाव ‘ऑफिशियल रोल ऑफ द बॅरोनेटेज’. राजे सातवे एडवर्ड यांनी 8 फेब्रुवारी 1910 च्या आज्ञापत्राने ती सुरू केली, कारण तोवर स्वतःच स्वतःला बॅरोनेट म्हणवून घेणाऱ्यांचा फारच सुळसुळाट झाला होता.

आधी एक गैरसमज दूर करू. बॅरोनेट म्हणजे लॉर्ड नव्हे. तो उमरावांच्या खाली आणि साध्या नाइटच्या वर बसतो, ‘सर’ म्हणवतो, पण त्या किताबावर हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जागा कधीच मिळत नव्हती. पहिल्या जेम्स राजाने 1611 मध्ये हा किताब काढला तो सरळ पैशांसाठी: घेणाऱ्याने 30 सैनिकांचा तीन वर्षांचा पगार, म्हणजे 1,095 पौंड, भरायचे. पुढे तो व्यापारी, कारखानदार, दानशूर मंडळींनाही मिळू लागला, आणि इथे मुंबईचा संबंध येतो. जमशेटजी जीजीभाई 1857 मध्ये बॅरोनेट झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. पुढे 1890 मध्ये दिनशा माणेकजी पेटिट, 1908 मध्ये कावसजी जहांगीर, 1910 मध्ये करीमभाई इब्राहिम. त्यामुळे ‘अमक्या घराण्याचा आत्ताचा बॅरोनेट कोण आणि ते ठरवतं कोण’ हा प्रश्न मुंबईकरालाही परका नाही.

पात्रता: आधी सनद वाचा

वारस कोण हे घरातल्या मंडळींना काय वाटतं यावर ठरत नाही. किताब देताना जी सनद निघाली तिच्यात वारसाची अट लिहिलेली असते, आणि बहुतेक सनदांत ती एकच असते: मूळ पुरुषाच्या औरस पुत्रांची पुरुषवंशातली शाखा. म्हणजे थोरला मुलगा, त्याचा मुलगा, ती शाखा संपली की दुसऱ्या मुलाची शाखा, आणि असंच पुढे. मुलीला किताब जात नाही, मुलीच्या मुलालाही नाही. स्कॉटलंडमधल्या अगदी मोजक्या किताबांत स्त्रीला वारसा मिळतो, पण ते अपवादच.

काही सनदांत वेगळं कलम असतं. पेटिट घराण्याचा किताब थोरल्या मुलाच्या नव्हे, तर दुसरा मुलगा फ्रामजी याच्या शाखेत जाईल असं ठरलं होतं. फ्रामजी वडिलांच्या आधीच वारले, म्हणून 1901 मध्ये पहिल्या बॅरोनेटनंतर किताब थेट नातवाकडे गेला. (रत्तनबाई जिना यांचे वडील ते हेच.) नुसती वंशावळ पाहून कुणी थोरल्या शाखेत वारस शोधत बसला असता तर सगळी मेहनत पाण्यात.

औरसपणाच्या अटीवर सगळ्यात जास्त अर्ज अडतात. दत्तक मुलाला किताब मिळत नाही. इंग्लंडमधल्या किताबांसाठी मुलाचा जन्म आईवडिलांच्या लग्नानंतरचाच हवा. नंतर लग्न होऊन मूल कायद्याने औरस ठरलं तरी किताबापुरतं ते चालत नाही. स्कॉटलंडमध्ये नंतरच्या लग्नाने औरस ठरलेला मुलगा वारस होऊ शकतो. त्यामुळे किताब इंग्लिश की स्कॉटिश, हे पहिल्या दिवशीच तपासलेलं बरं. लिंगबदलाची कायदेशीर नोंद झाली तरी किताबाचा क्रम बदलत नाही, असं 2004 च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे.

कागदपत्रं

गेलेल्या बॅरोनेटचा थोरला मुलगा अर्ज करणार असेल तर काम सोपं. वडिलांचा मृत्यूदाखला, आईवडिलांचा विवाहदाखला, स्वतःचा जन्मदाखला आणि एक प्रतिज्ञापत्र. जन्मदाखला पूर्ण नमुन्यातला लागतो. इंग्लंडमध्ये छोटा दाखलाही मिळतो, पण त्यावर आईवडिलांची नावंच नसतात, म्हणजे वारसासाठी तो निरुपयोगी.

प्रतिज्ञापत्र 1835 च्या कायद्याखाली, सॉलिसिटर किंवा नोटरीसमोर करायचं. कुटुंबाला जवळून ओळखणाऱ्या वडीलधाऱ्याने केलेलं असेल तर त्याला वजन येतं. त्यात खोटं लिहिणं हा 1911 च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे ‘ऐकिवात आहे’ आणि ‘मला माहीत आहे’ यांची सरमिसळ करू नये.

खरी परीक्षा चुलत शाखेच्या वारसाची. बॅरोनेट निपुत्रिक वारला आणि तुमचे पणजोबा त्याच्या आजोबांचे धाकटे भाऊ होते, असं समजा. आता तुम्ही कोण आहात हे दाखवणं तुलनेने सोपं, प्रत्येक पिढीचा जन्म आणि लग्न मिळवलं की झालं. पण तुमच्या पुढे रांगेत असलेला प्रत्येक पुरुष वारस न ठेवता गेला, हेही तुम्हालाच दाखवावं लागतं. थोरल्या काकांचा मुलगा 1890 च्या सुमारास ऑस्ट्रेलियाला गेला आणि पत्रं थांबली, एवढ्यावर ती शाखा संपली असं कुणी मानत नाही. छापील वंशावळीत अशा नावापुढे ‘डी.एस.पी.’ ही तीन अक्षरं दिसतात, म्हणजे अपत्यहीन वारला. ती अक्षरं बहुतेक वेळा कुटुंबाने सांगितलेल्या माहितीवर छापलेली असतात, आणि घरातल्यांना पसंत नसलेलं लग्न त्याच तीन अक्षरांत गाडलं गेलेलं असू शकतं. ‘बर्क्स पीअरेज’ हे अशा घराण्यांच्या वंशावळींचं पुस्तक 1826 पासून निघतं, दिशा दाखवायला उत्तम आहे, पण पुरावा म्हणून ते जोडून भागत नाही. ऑनलाइन वंशवृक्ष तर त्याहून कच्चे.

दाखले कुठून मिळतात हे काळावर आणि प्रांतावर ठरतं. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 ला सुरू झाली, स्कॉटलंडमध्ये 1855 ला, आयर्लंडमध्ये सर्वांसाठी 1864 ला. इंग्लंडमधल्या पहिल्या काही दशकांत जन्म नोंदवले न जाणं अगदी सर्रास होतं. 1875 पासून पालकांवर जबाबदारी आली तेव्हा ते सुधारलं. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या नोंदवह्या, ज्या 1538 पासून ठेवल्या जाऊ लागल्या. आयर्लंडचं मात्र दुर्दैव: 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या आगीत तिथलं अभिलेखागारच जळालं, त्यामुळे आयरिश शाखा असेल तर बाप्तिस्म्याऐवजी मृत्युपत्रं, जमिनीचे करार असा वळसा घ्यावा लागतो.

माझं ऐकाल तर शाखा संपल्याचं दाखवायला मृत्युपत्रं आधी उघडा. मुलाबाळांचा माणूस सहसा सगळं पुतण्यांना आणि बहिणीला देऊन जात नाही. इंग्लंडमध्ये 12 जानेवारी 1858 पासूनची मृत्युपत्रं एकाच सरकारी यंत्रणेकडे आहेत. त्याआधीची चर्चच्या न्यायालयांत, आणि पैसेवाल्यांची बरीचशी कँटरबरीच्या न्यायालयातली, जी आता लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मृत्यूदाखल्यांतही फरक आहे. स्कॉटलंडच्या 1855 पासूनच्या दाखल्यावर मृताच्या आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनावसुद्धा असतं. इंग्लंडच्या त्या काळच्या दाखल्यावर नाव, वय, धंदा, कारण आणि खबर देणारा, बस्स. जॉन स्मिथ नावाचा माणूस तुमचाच जॉन स्मिथ हे त्यावरून सिद्ध होत नाही.

भारतातला धागा

धाकट्या मुलांना जमीन मिळत नसे, म्हणून उमराव आणि बॅरोनेट घराण्यांतले कितीतरी जण कंपनीच्या फौजेत आणि कारभारात आले आणि पुणे, अहमदनगर, मुंबई इथे वारले. इथल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत. मुंबई इलाख्याच्या नोंदींची मालिका ‘एन/3’ या खुणेखाली सापडते. त्या शोधायला ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ या संस्थेच्या सूच्या फार उपयोगी पडतात. इथेही लग्नाची नोंद निर्णायक. हिंदुस्थानी स्त्रीपासून झालेला मुलगा बाप्तिस्म्याच्या नोंदीत सापडेल, पण आईवडिलांचं लग्न सापडलं नाही तर किताबाच्या रांगेत तो नाही. ते सापडलं, तर मात्र लंडनमध्ये ‘संपलेली’ शाखा पुन्हा जिवंत होऊ शकते.

लग्न ख्रिस्ती विधीने झालेलं नसेल तर? याचं उत्तर बॅरोनेटच्या नव्हे, उमरावाच्या प्रकरणात मिळालं. बंगालचे सत्येंद्र प्रसन्न सिन्हा 1919 मध्ये लॉर्ड झाले आणि 1928 मध्ये वारले. मुलाने वारसा मागितला तेव्हा प्रश्न निघाला की लग्न हिंदू विधीने झालं, तेव्हाच्या हिंदू कायद्यात दुसरी बायको करायला मुभा होती, मग हा मुलगा इंग्लिश अर्थाने औरस का? शेवटी 1939 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने दावा मान्य केला, कारण मुलाच्या जन्माआधीच आईवडील ‘साधारण ब्राह्मो समाज’ या पंथात आले होते आणि तिथे एकपत्नीत्व बंधनकारक होतं. बापाच्या मृत्यूनंतर अकरा वर्षं गेली. पारशी कुटुंबांना ही अडचण नाही, 1865 च्या कायद्यानेच त्यांच्यात दुसऱ्या लग्नाला बंदी आली होती.

मुंबईच्या किताबांत आणखी एक खोच आहे, नावाची. जमशेटजींच्या मुलाचं नाव कर्सेटजी. पण खास कायदा होऊन त्यांनी वडिलांचंच नाव घेतलं, आणि तोच नियम पुढच्या वारसांना लागू झाला. पेटिटांकडेही तेच. परिणामी यादीत एकाखाली एक तीच नावं, तर जन्माच्या नोंदीत प्रत्येकाचं नाव वेगळं. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचा कागद लावल्याशिवाय वंशावळ जुळत नाही.

अर्ज कुठे आणि पुढे काय

नोंदवही आता ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाखाली आहे आणि अर्ज लॉर्ड चॅन्सलर या मंत्र्याकडे जातो. वंशावळीच्या तपासणीत लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्स या वंशावळी आणि कुलचिन्हं पाहणाऱ्या संस्थेतले प्रमुख अधिकारी गार्टर किंग ऑफ आर्म्स, आणि स्कॉटिश किताब असेल तर तेच काम करणारे एडिनबर्गचे लॉर्ड लायन यांचं मत घेतलं जातं. अर्जाआधी कॉलेजच्या एखाद्या हेराल्डकडून (तिथल्या अधिकाऱ्याकडून) पैसे देऊन वंशावळ तपासून घेता येते. चुलत शाखेच्या वारसाने तो खर्च करावा असं माझं मत. भारतातले दाखले जोडायचे असतील तर मराठी किंवा गुजराती नोंदींचं प्रमाणित भाषांतर आणि अपोस्टिल (परदेशात कागद खरा मानला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) लागेल का, हे आधीच लेखी विचारून घ्या. लॉर्डच्या किताबांसाठी वेगळी नोंदवही आहे, ती 2004 मध्ये सुरू झाली. कागदांचा प्रकार साधारण हाच.

कुणी हरकत घेतली तर बॅरोनेटचं प्रकरण राजाच्या आज्ञेने प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीकडे जाऊ शकतं. स्टिचिलच्या प्रिंगल घराण्याचं प्रकरण त्यामुळेच गाजलं. किताब 1683 चा. दहावे बॅरोनेट 2013 मध्ये वारले आणि मुलाने नाव लावायला अर्ज केला. पण घराण्याच्या डीएनए चाचण्यांतून निघालं की नववे बॅरोनेट हे आठव्यांचे रक्ताचे पुत्र नव्हते. नवव्यांच्या आईने त्यांचं नाव लागावं म्हणून, ते थोरले औरस पुत्र असल्याचं रीतसर प्रतिज्ञापत्र केलं होतं. कागद सगळे चोख होते. लग्नाच्या बायकोचं मूल नवऱ्याचंच, हे कायद्याचं गृहीतक आहे, पण ते पुराव्याने खोडता येतं. जून 2016 मध्ये समितीने डीएनए ग्राह्य धरला आणि किताब आठव्या बॅरोनेटच्या दुसऱ्या मुलाच्या शाखेला दिला. इतक्या वर्षांनी हरकत घेता येत नाही, हा युक्तिवाद टिकला नाही. तेव्हापासून गंमत म्हणून थुंकीचा नमुना पाठवणाऱ्या चुलत भावंडांनाही जपून राहावं लागतं.

पैसे टाकून ‘लॉर्ड’ किंवा ‘बॅरोनेट’ करून देतो अशा जाहिरातींना भुलू नका. वंशपरंपरागत किताब विकत मिळत नाही. इंग्लंडमध्ये ‘लॉर्डशिप ऑफ द मॅनर’ विकली जाते, पण तो जुन्या जमीनदारीचा उरलेला हक्क आहे, त्याने कुणी लॉर्ड होत नाही. स्कॉटलंडमधला फूटभर जमिनीचा तुकडा घेऊन ‘लेअर्ड’ (स्कॉटिश जमीनदार) होणं तर निव्वळ भेटवस्तू.

भारतीय नागरिकाने अर्जाआधी वकिलाला विचारावं. परक्या राज्याकडून किताब स्वीकारायला राज्यघटनेच्या अनुच्छेद 18 ने मनाई आहे, आणि जन्माने चालत आलेला किताब त्यात कसा बसतो हे आपल्या प्रकरणापुरतं तपासून घ्यायला हवं.

घाई मात्र कसलीच नाही. बाप गेल्यावर कित्येक वर्षांनी नाव लावलेले वारस आहेत, आणि अर्जच न करणारेही भरपूर. लॉर्डचा किताब नको असेल तर 1963 च्या कायद्याने, सज्ञान वारसाला वारसा आल्यापासून एक वर्षाच्या आत तो सोडता येतो. बॅरोनेटला ती सोय नाही. त्याने अर्ज केला नाही तर एवढंच होतं, की नोंदवहीत त्याचं नाव चढत नाही आणि किताब पुढच्या वारसापर्यंत तसाच पडून राहतो.