‘कुठं लागला?’ : सीमाभागातल्या करिअरची पूर्वपीठिका

बेळगावजवळच्या येळ्ळूर, कडोली, उचगाव या बाजूच्या गावांत बारशाला-लग्नाला गेलं की पोराची चौकशी दोन शब्दांत उरकते. ‘कुठं लागला?’ काय शिकला, काय आवडतं, हे कुणी विचारत नाही. आंबा फांदीला लागावा तसा पोरगा कुठंतरी ‘लागला’ की आईबापाचा जीव भांड्यात पडतो. नाही लागला तर पारावरची मंडळी ‘मग आता काय करूलालैस?’ म्हणून हटकतात, आणि त्या प्रश्नाला धड उत्तर नसतं हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं.

‘करिअर’ हा शब्द आमच्याकडे टिळकवाडीतल्या क्लासच्या पाट्यांवरून आला. ‘लागणं’ त्याच्या कितीतरी आधीचं. आवडीचं काम शोधण्याऐवजी लागेल ते धरायचं, ही सवय बेळगावकराच्या हाडात कशी मुरली, ते पाहायचं तर सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं.

सुरुवात एका अपवादापासून करू. लक्ष्मणराव किर्लोस्कर 1869 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. पोराला चित्रकलेचा नाद, म्हणून मुंबईला जे. जे. मध्ये गेले. तिथं कळलं की काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायचं राहिलं. रेघ मात्र पक्की होती, म्हणून यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवायला लागले. म्हणजे आजच्या भाषेत ‘लागले’च. पण हक्काची बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरीवर पाणी सोडलं आणि बेळगावला परतले. इथं रामूअण्णा या भावाबरोबर सायकलींचं दुकान 1888 पासून चालू होतंच. पुढं कडबा कापायचं यंत्र झालं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. नांगर नुसते पडून राहिले. ते शेतात फिरवून दाखवत बसायलाही वेगळीच चिकाटी लागते.

नांगर जरा खपायला लागले तोवर नगरपालिकेनं विस्तारासाठी त्यांच्या कारखान्याची जागा मागितली. औंधच्या राजांनी कुंडलजवळचं माळरान देऊ केलं आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावात मागं उरलं ते एका रस्त्याचं नाव. किर्लोस्कर रोडवर आज साड्या आणि चपला घेणाऱ्यांना ते नाव कुणाचं हे ठाऊक असतंच असं नाही. आमच्या भागातलं पहिलं मोठं यशही असं गाव सोडूनच मोठं झालं. हा पायंडा पुढं चांगलाच रुजला.

तोवर गावाकडचा रस्ता वेगळाच होता : लष्कर. मराठा लाइट इन्फंट्रीचा इतिहास 1768 पर्यंत जातो आणि तिचं रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे. त्यामुळं फौज ही आमच्याकडे पेपरातली बातमी नव्हे, ती कॅम्पातून परेड करत जाणारी रोजची गोष्ट. सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र, कॅम्पात मिलिटरी स्कूल. घरटी एक माणूस फौजेत अशी गावं इथं आहेत. पेन्शनीत आलेला सुभेदार गावात उतरला की त्याच्या ट्रंकेबरोबर शिस्त, कॅन्टीनचा साबण आणि पुढच्या दहा पोरांची भरती उतरते. पहाटे साडेचारला राजहंसगडाच्या पायथ्याला पोरं अनवाणी पळताना दिसतील. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत, बीमवर दहा पुलअप्स, नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पार. हे आकडे त्यांना पाढ्यांसारखे पाठ. पळणं झालं की कट्ट्यावर बसून ते गुळाबरोबर भिजवलेले हरभरे खातात आणि कुणाची छाती किती फुगली ते टेपनं मोजतात.

जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली आणि हे गणित एका रात्रीत बदललं. चार वर्षांची सेवा, त्यातले पंचवीस टक्केच पुढं कायम. सुभेदाराच्या ट्रंकेत पेन्शन होती, ती या पोरांना मिळेलच असं नाही. पळणं मात्र थांबलेलं नाही.

आता फाईलकडं येतो. सीमाभागातल्या कुठल्याही मराठी घरात लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात प्लॅस्टिकची एक जाड फाईल असते. तिच्यात मुलांचे जन्मदाखले, रेशनकार्ड, शेताचा उतारा, रहिवासी दाखला, आजोबांची मुंबई राज्यातली शाळा सोडल्याची प्रत. निम्मे कागद कानडीत, निम्मे मराठीत, मधेमधे इंग्रजी. एकाच माणसाचं आडनाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी. फॉर्म भरायची तारीख आली की आई ही फाईल पलंगावर पालथी घालते आणि झेरॉक्सवाल्याकडं दोन सेट काढून आणायला सांगते. दोन का, ते पाहू.

1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार राज्यरचना झाली. मुंबई राज्यात असलेला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. 1966 साली सीमावादावर महाजन आयोग नेमला गेला, 1967 ला त्याचा अहवाल आला, महाराष्ट्रानं तो मानला नाही. 2004 साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. हे सगळं सभांतून ऐकून ऐकून आमच्याकडं लहान पोरांनाही पाठ असतं. सभांत कमी बोललं जातं ते असं : त्या तारखेनंतर मॅट्रिक झालेल्या मुलाच्या नोकरीचा नकाशाच उलटा झाला. आधी मामलेदार कचेरीत, पोस्टात, शाळाखात्यात मराठीवर काम भागत होतं. नंतर राज्याच्या नोकरीसाठी कानडी लिहिता-वाचता येणं आलं. ते गैर नाही. राज्याची भाषा यायलाच हवी, आणि बेळगावच्या बाजारात दोन्ही भाषा एका श्वासात बोलणारा माणूस तर पदोपदी भेटतो. पण बाजारची कानडी वेगळी आणि परीक्षेतली वेगळी. मराठी माध्यमात दहावी केलेल्या पोराला पहिलाच अडथळा तिथं. 1986 मध्ये कानडीसक्तीविरोधी आंदोलन झालं, गोळीबारात माणसं गेली. त्या पिढीतल्या कितीतरी जणांनी सरकारी नोकरीचा नादच सोडला.

सरकारी दार अर्धवट लागलं तसं मुलींसाठी टीसीएच हा शिक्षिकेचा कोर्स, मुलांसाठी बीएड हे हमखास उत्तर झालं. मराठी शाळा होत्या, त्यांना मास्तर-मास्तरीण हव्या होत्या. गावात मान, दुपारी घरी, शेत सुटत नाही. शिकवण्याची ओढ असलेले त्यात होते, नुसते ‘लागलेले’ही होते. कोण कुठला, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना बरोबर माहीत असतं.

आणि दुसरा सेट महाराष्ट्रासाठी. महाराष्ट्र ज्या 865 गावांवर दावा सांगतो, तिथल्या मराठी मुलांना त्या राज्यानं प्रवेश आणि नोकऱ्यांची दारं उघडी ठेवली आहेत. तिकडच्या अभियांत्रिकी-वैद्यकीय प्रवेशाच्या माहितीपत्रकात वादग्रस्त सीमाभागातल्या उमेदवारांचा वेगळा प्रवर्ग असतो. त्यासाठी तुम्ही त्याच गावचे, आणि तुमची मातृभाषा मराठी, हे कागदावर दाखवावं लागतं. म्हणजे ज्या राज्यात आपण राहतो तिथल्या कचेरीतून दाखला काढायचा, आणि तो दुसऱ्या राज्याच्या खिडकीवर द्यायचा. बाकीच्या जगात अठराव्या वर्षी पोरं कोणता विषय घ्यायचा या चिंतेत असतात. आमची पोरं आधी कोणत्या राज्याचा फॉर्म भरायचा ते ठरवतात, विषय नंतर.

निपाणीत ही सरहद्द आणखी जवळून दिसते. गाव कर्नाटकात आणि गावाचं देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात, शिवाजी विद्यापीठाखाली. पोरं रोज घरून निघून दुसऱ्या राज्यात बीए करून जेवायला घरी येतात. यातली कित्येक पोरं तंबाखूच्या पैशावर शिकली. तंबाखूच्या वखारीत तोंडाला पदर बांधून राबणाऱ्या, आणि घरी मांडीवर सूप घेऊन पान कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून हजार विड्यांची मजुरी पुरी करणाऱ्या आयांनी ती शिकवली. 1981 साली तंबाखूच्या दरासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी हमरस्त्यावर बसले, त्यात गोळीबार झाला, तो इथलाच. निपाणीच्या त्या बायकांना विचारा यश म्हणजे काय. ‘पोरीच्या बोटाला विडीचा वास लागू नये’, एवढंच त्यांचं माप होतं. करिअरची याहून नेमकी व्याख्या मी तरी ऐकलेली नाही.

शिक्षणाची कमतरता बेळगावात कधीच नव्हती, हे न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. सात शिक्षकांनी 1916 साली सुरू केलेली केएलई सोसायटी, 1939 पासूनचं लॉ कॉलेज, राणी पार्वतीदेवी कॉलेज, 1963 चं जेएनएमसी हे मेडिकल कॉलेज, 1979 चं गोगटे इन्स्टिट्यूट हे इंजिनिअरिंगचं. कानडी आणि मराठी पोरं यातल्या वर्गांत एकाच बाकावर बसली. 1998 मध्ये विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालयही बेळगावजवळ मच्छ्याला आलं. राज्यभरातल्या इंजिनिअरांच्या पदव्या मच्छ्याहून निघतात, आणि मच्छ्याचं पोरगं ती पदवी घेऊन पुण्याची रात्रीची बस पकडतं. पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आत, बेंगळुरू पाचशेच्या आसपास. एकाच हमरस्त्याची दोन टोकं. मराठी घरातली पोरं बहुधा उत्तरेला जातात. पगार जास्त म्हणून नव्हे, तर तिथं मावशी असते.

एवढं असूनही जे मागं राहिले त्यांची गोष्ट कुणी धड सांगत नाही. ती उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे. बेळगावात फौंड्रीचा, म्हणजे लोखंड ओतायचा, धंदा जुना. साचे, कोअर, भट्टी, फेटलिंग, आणि बाहेर पडलेलं कास्टिंग पुण्या-बेंगळुरूच्या गाड्यांच्या कारखान्यांकडं. त्याच्या शेजारी हायड्रॉलिक्स, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचं काम, वाढलं. सुरेश हुंद्रे यांच्या पॉलिहायड्रॉनसारख्या कंपन्यांनी 1980 च्या दशकात इथं व्हॉल्व्ह आणि पंप बनवले. लाच न देता धंदा करायचा, हा हुंद्रेंचा हट्ट बेळगावात अजून चर्चेचा विषय आहे. पुढं हत्तरगीला विमानांचे सुटे भाग करणारं सेझही (विशेष आर्थिक क्षेत्र) आलं. फौंड्री आणि हायड्रॉलिक्स मिळून या शहराला एक गोष्ट मिळाली : मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, कळणारे हात.

उद्यमबागेतल्या एका शेडमध्ये मी एका मशीनमनला काम करताना पाहिलं. आयटीआय फिटर, दहावीला एकदा नापास. व्हॉल्व्हचा स्पूल, म्हणजे आतली सरकणारी दांडी, त्यानं कापसानं पुसला, बॉडीच्या भोकात नुसता सोडला. स्पूल स्वतःच्या वजनानं सावकाश, न अडकता खाली सरकत गेला. ‘बघा की,’ तो म्हणाला, ‘ढकलावा लागला तर जॉब रिजेक्ट. धाडकन पडला तरी रिजेक्ट.’ मग मायक्रोमीटर लावून आकडा वाचला, जो त्याला बहुतेक बोटांनीच आधी कळला होता. हेल्पर म्हणून आलेला हा माणूस आता शेजारच्या गाळ्यात सेकंडहँड लेथ टाकून जॉबवर्क करायच्या विचारात आहे. बँकेकडं कर्जाचा अर्ज टाकलाय.

अर्जाला काय काय जोडलं म्हणून विचारलं, तर त्यानं बाकड्याखालची पिशवी ओढली. आत तीच जाड प्लॅस्टिकची फाईल. उताऱ्यावर आडनाव एक, आधारवर दुसरं. ‘साहेब म्हणतात ॲफिडेव्हिट करून आण,’ तो म्हणाला, आणि पुढचा स्पूल पुसायला घेतला.