प्रयोग (मराठी वाक्यरचना)

क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, कर्माप्रमाणे बदलते की कोणाप्रमाणेच नाही, यावरून ठरणारी वाक्याची घडण म्हणजे प्रयोग. कर्तरी, कर्मणी आणि भावे हे त्याचे मुख्य प्रकार. शाळेत हा विषय वाक्यरचनेपुरता शिकवतात, पण रूपविचार, अर्थविचार आणि भाषेचा इतिहास सोबत घेतल्याशिवाय तो उलगडत नाही.

प्रयोग ओळखताना आधी कर्ता बदलून पाहावा, मग कर्म. 'सीता आंबा खाते' यात सीतेच्या जागी राम आला की 'खातो' होते, हा कर्तरी. 'सीतेने आंबा खाल्ला' यात राम आणला तरी 'खाल्ला' कायम राहते, आंब्याऐवजी पोळी आणली की 'खाल्ली' होते, हा कर्मणी. पडताळणीसाठी 'रामाने आंबा खाल्ला' हे उदाहरण घेऊ नये. दोन्ही नामे पुल्लिंगी एकवचनी असल्याने क्रियापद कोणाला धरून आहे ते दिसत नाही.

भूतकाळात हा पालट होण्याचे कारण ऐतिहासिक आहे. मराठीचा 'ल'चा भूतकाळ 'रामेण फलं खादितम्' अशा संस्कृत कर्मणी रचनेतून प्राकृतामार्गे आला. 'रामाने पोळी खावी' यातले 'खावी' असेच संस्कृतातल्या '-तव्य' रूपांचे ('करावे, केले पाहिजे' या अर्थाच्या) वंशज.

अर्थाचा हात सर्वांत स्पष्ट दिसतो तो कर्माच्या 'ला' प्रत्ययात. 'आईने मुलगी पाहिली' म्हटले की लग्नासाठी स्थळ पाहिले असे सहज समजते. 'आईने मुलीला पाहिले' म्हटले की ठरावीक मुलगी नजरेला पडली. 'ला' लागताच क्रियापदाची कर्माशी जुळणी तुटते, ते नपुंसकलिंगी एकवचनात स्थिरावते आणि प्रयोग भावे होतो.

मी, तू, आम्ही, तुम्ही यांना 'ने' दिसत नाही, म्हणून 'मी पोळी खाल्ली' हे वाक्य कर्तरी समजण्याची चूक नेहमी होते. 'तू पोळी खाल्लीस' यात तर 'ली' पोळीची आणि 'स' तूचा. याला कर्तृकर्मसंकर म्हणतात. शिकणे, विसरणे, पिणे ही क्रियापदे कर्म घेऊनही भूतकाळात कर्तरीच राहतात ('ती धडा शिकली'). ती एकेक करून लक्षात ठेवावी लागतात.

जुळणी कर्माकडे गेली म्हणून कर्त्याचे कर्तेपण जात नाही. 'सीतेने रामाला आपले पुस्तक दिले' यात 'दिले' पुस्तकाशी जुळते, पण 'आपले' म्हणजे सीतेचेच. 'हात धुऊन सीतेने पोळी खाल्ली' यात हात धुणारीही तीच.

कन्नड-तेलुगूच्या शेजारातील सोलापूर, लातूरकडच्या बोलीत 'मी काम केलो' ऐकू येते. त्या भाषांत क्रियापद भूतकाळातही कर्त्याशीच जुळते. इथेही जुळणी कर्त्याकडे परतली आहे.