बी जिती आसा काय?

श्रावणात पहिलीच्या वर्गात मी चवळीची वाटी फिरवते. घरच्या डब्यातली, खडखडीत कोरडी चवळी. प्रत्येकाने चार दाणे हातात घ्यायचे, वास घ्यायचा, नखाने टोचून बघायचे आणि एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: ही जिवंत आहे का? आमच्या कुडाळकडच्या मुलांची उत्तरं दरवर्षी साधारण सारखीच असतात. "जिती नाय, ती हलणा नाय." "तिका तोंड खंय आसा?" मग मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणतं, "मगे आजी पेरता तर उगावता कशी?" आणि वर्ग गप्प होतो.

ती शांतता मला फार मोलाची वाटते. मी उत्तर देत नाही. पुढचे तीन आठवडे वर्गात जे काही चालतं, ते त्या एका प्रश्नामागे चालतं.

बी रुजवण्याचा तास बहुतेक शाळांत होतो. ओल्या कापसात दाणे, चार दिवसांनी मोड, मग फळ्यावर आकृती आणि तिला नावं. मुलांना मजा येते, यात शंका नाही. पण त्या तासात मुलांनी काही विचारलेलं नसतं, त्यामुळे मोड आला तरी त्यांना काही सापडलेलं नसतं. लहान मुलाला आधी पैज लावायला द्यावी, काय होईल ते बोलून दाखवायला लावावं, आणि मग बीलाच उत्तर देऊ द्यावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

पहिली पैज कुळथावर असते. एका मुलाच्या आजीने पिठीसाठी कुळीथ भाजले होते. त्यातले मूठभर आणि त्याच डब्यातले न भाजलेले मूठभर, अशा दोन वाट्या आम्ही भिजत ठेवल्या. सकाळी दोन्ही वाट्यांतले दाणे टम्म फुगलेले. "दोनय जिते!" असा निकाल लागला. तिसऱ्या दिवशी मात्र भाजलेल्या वाटीला आंबूस वास सुटला आणि दुसऱ्या वाटीत पांढऱ्या शेपट्या दिसू लागल्या. फुगणं हे जिवंतपणाचं लक्षण नाही, हे मुलांना इथे कळतं. सुकलेल्या बीत पाणी अगदी थोडं, साधारण दहा टक्के उरलेलं असतं. तिच्यातली प्रथिनं आणि पिष्ट पाण्याला आसुसलेली असतात, म्हणून बी मेलेली असली तरी पाणी शोषून फुगते, जसा वाळका स्पंज फुगतो. जिवंत बीत त्या पाण्याने थांबलेलं काम पुन्हा सुरू होतं. विकरं, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं घडवून आणणारी प्रथिनं, जागी होतात, साठवलेल्या पिष्टाची साखर होऊ लागते, श्वसनाचा वेग वाढतो. भाजताना ही विकरं आणि पेशींची आवरणं मोडून गेलेली असतात, त्यामुळे तिथे सुरू व्हायला काही उरलेलंच नसतं.

श्वसन हा शब्द पहिलीत वापरायची गरज नाही. मोड यायला बांधून ठेवलेल्या पुरचुंडीच्या मधोमध बोट घालायला सांगावं. ती कोमट लागते. ज्यांच्या घरी रहू पेरतात, त्या मुलांना हे आधीच ठाऊक असतं. खाडीकाठच्या खार जमिनीत रोपं लावण्याऐवजी मोड आणलेलं भात चिखलात फेकतात, तो रहू. भिजवलेल्या बियाण्याच्या पोत्यात हात घातला की ऊब लागते. दाणे श्वास घेत असतात, आतली शिदोरी जाळत असतात, त्याची ती ऊब. त्या दिवशी पोरं आपापल्या नाकासमोर हात धरून आपल्या श्वासाची ऊबही बघून घेतात, ते मी सांगितलेलं नसतं.

रात्रभर भिजलेली चवळी हलकेच चिमटली तर काळ्या डोळ्याजवळच्या बारीक छिद्रातून पाण्याचा थेंब येतो. साल काढून दाणा उघडला की दोन जाड पाकळ्या सुटतात आणि एका कडेला वाकून बसलेला इवलासा अंकुर दिसतो. त्याला घडी घातलेली दोन पानंही असतात. एका वर्षी एक मुलगी ओरडली होती, "बाई, हयसर पोर निजलाहा!" यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून मिळालेली नाही. निजलेलं पोर आणि त्याच्या उशाला शिदोरी. त्या दोन जाड पाकळ्या, म्हणजे बीजपत्रं, हीच ती शिदोरी. उसळीत आपण खातो ती मुख्यतः तीच.

आता लावायचं कशात? मातीत लावलं तर मुलं रोज उकरून बघतात. त्यांना रागावू नये, त्यांना आत काय चाललंय ते बघायचं असतं. म्हणून काचेचा ग्लास घ्यावा, आत वर्तमानपत्राची गुंडाळी बसवावी, काच आणि कागद यांच्यामध्ये दाणे सरकवावेत आणि तळाला बोटभर पाणी ठेवावं. सगळं उघड्यावर घडतं. प्रत्येक मुलाला पाच दाणे द्यावेत. एकच दिला आणि तो उगवला नाही, तर ते पोर 'माझ्याच हातून झालं नाही' असं धरून बसतं, हे मी पाहिलेलं आहे. आपल्याकडच्या पावसाळी हवेत बुरशीही लगेच धरते, तेव्हा ग्लास आधी स्वच्छ धुवावेत आणि पाणी रोज बदलावं. आणि एक सांगायलाच हवं: दुकानातलं गुलाबी किंवा निळ्या रंगाचं बियाणं मुलांच्या हातात मुळीच देऊ नये. त्या रंगाबरोबर बुरशीनाशक लावलेलं असतं. स्वयंपाकघरातले दाणे पुरेसे आहेत.

"बी उलटी लावली तर झाड खाली जातलां काय?" हा प्रश्न ठरलेला. मग ग्लासात एक दाणा उभा, एक आडवा, एक उलटा सरकवतो. दोन-तीन दिवसांत प्रत्येकाचं मूळ बाहेर येतं, चुकीच्या दिशेला निघालेलं मूळ वळसा घेतं आणि खालीच जातं. मूळ सरळ खाली गेलं की ग्लास आडवा करून ठेवावा. दुसऱ्या दिवशी टोक पुन्हा जमिनीकडे वाकलेलं असतं. मुळाच्या टोकावर टोपीसारखं आवरण असतं, त्यातल्या पेशींत पिष्टाचे जड कण असतात. पिशवीतली वाळू तळाशी बसते तसे ते तळाशी बसतात, आणि खाली कुठे आहे ते मुळाला कळतं. इंग्लंडमधल्या थॉमस अँड्र्यू नाइट यांनी 1806 मध्ये हेच तपासायला ओढ्याच्या पाण्यावर वेगाने फिरणाऱ्या चाकावर बिया बांधल्या. मुळं चाकाच्या बाहेरच्या बाजूला वाढली आणि कोंब मध्याकडे. फिरत्या चाकावर बाहेर ओढणारा जोर हाच त्या बियांसाठी 'खाली' झाला होता. ही गोष्ट मी पाण्याची छोटी बादली गरगर फिरवून सांगते. पाणी सांडत नाही, ते तळाला चिकटून राहतं, आणि मुलांना चाक डोळ्यांसमोर उभं राहतं.

चवळीशेजारी आम्ही काळे वाटाणेही लावतो, कारण सांबाऱ्याचे वाटाणे प्रत्येक घरात असतात. इथे मोठं भांडण जुंपतं. चवळी आपली दोन्ही बीजपत्रं पाठुंगळी घेऊन वर येते. वाटाणा ती खालीच ठेवतो आणि फक्त कोंब वर पाठवतो. कुणाची पद्धत शहाणी? कोंब गुरांनी खाल्ला तर वाटाण्याची शिदोरी खाली सुखरूप असते, तो दुसरा कोंब काढू शकतो. चवळीच्या वर आलेल्या बीजपत्रांना थोडा वेळ तरी ऊन मिळतं. मी निकाल देत नाही, दोन्ही वेली आजपर्यंत टिकून आहेत.

पाण्याची पैज मात्र सगळ्यांना चकवते. एका वाटीत चवळी ओल्या फडक्यावर, दुसरीत पूर्ण बुडवलेली. "जास्त पाणी, जास्त वाढ" असं बहुतेक जण सांगतात. बुडालेली चवळी कुजते, कारण साचलेल्या पाण्यात श्वासाला पुरेसा प्राणवायू नसतो. मग तिसऱ्या खोल भांड्यात भात बुडवायचं. भात तग धरतं. एवढंच नव्हे, तर ते आपला नेहमीचा क्रम उलटा करतं: एरवी बीतून आधी मूळ येतं, पण प्राणवायू कमी असेल तर भात आधी कोंबाची नळी वर पाठवतं. ती नळी पाण्याबाहेर आली की तिच्यातून हवा खाली पोचते आणि मग मुळं वाढू लागतात. चिखलातल्या धान्याची ही जुनी विद्या आहे. ज्या पोरांचे आईवडील आषाढात गुडघाभर पाण्यात लावणी करतात, त्यांना ती पाठ्यपुस्तकाआधी कळायला हवी.

नवरात्र आलं की उजेडाचा प्रयोग देवघरातच मांडलेला असतो. घटाभोवतीच्या मातीत पेरलेलं धान्य नऊ दिवसांत वीतभर वाढतं, पण हिरवं न होता फिकट पिवळं राहतं. आम्ही शाळेत एक वाटी खिडकीत आणि एक कपाटात ठेवून तेच करतो. कोण उंच होईल? जवळजवळ सगळे खिडकीवर बोट ठेवतात, आणि जिंकतं कपाट. अंधारातला कोंब आपली सगळी पुंजी उंच होण्यात घालवतो, कारण तो मातीखालीच आहे असं धरून उजेड शोधत असतो. हरितद्रव्य तयार व्हायला उजेड लागतो, म्हणून तो पिवळा. रोज त्याच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापून ओळीने चिकटवायची, की ज्यांना अजून वीसपर्यंत मोजता येत नाही त्यांचाही आलेख तयार होतो. पट्ट्या वाढत जातात, मग थांबतात, आणि एके दिवशी कपाटातलं रोप आडवं पडतं. शिदोरी संपली. रुजवण नऊ दिवस निभावते ती दाण्यातल्या साठ्यावर.

शिदोरी संपल्यावर रोप जगतं कशावर, हे मोठ्या माणसांना विचारून बघा. "मातीवर" असंच उत्तर येतं. बेल्जियममधल्या यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट यांनी सुमारे 90 किलो कोरड्या माती​त सव्वादोन किलोचं विलो नावाच्या झाडाचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 77 किलोच्या आसपास भरलं, माती जेमतेम 57 ग्रॅमने घटली. त्यांच्या मृत्यूनंतर 1648 मध्ये हे छापून आलं. झाड पाण्याचंच बनतं, असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्यांच्या हिशेबात हवा नव्हती. पानं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन उजेडाच्या मदतीने साखर बनवतात आणि खोडाचं बहुतेक सुकं वजन तिथून येतं, हे कळायला पुढे दीडशेहून अधिक वर्षं गेली. पहिलीच्या मुलांना हे सांगू नये. पण ग्लासात मातीच नव्हती, हे त्यांनी पाहिलेलं असतं, आणि ते पुढे उपयोगी पडतं.

शाळेच्या परड्यात या दिवसांत आणखी बरंच काही उगवत असतं. पावसाच्या तोंडावर टाकलेल्या आंब्याच्या बाठ्यांना कोंब फुटलेले असतात. मुलं ते दगडावर घासून पुंग्या वाजवतात, वाजवू द्यावं. आंब्याची बी चवळीसारखी डब्यात टिकत नाही. सुकली की मरते. मे महिन्यात पडायचं आणि जूनच्या पावसात रुजायचं, एवढाच तिचा मुक्काम. हापूसच्या बाठ्यातून हापूस येत नाही, हेही इथेच सांगता येतं. ते झाड दोन आईबापांचं लेकरू असतं, स्वतःच्या चवीचं. आपल्याकडचा प्रत्येक रायवळ आंबा म्हणूनच वेगळा लागतो, आणि हापूससाठी कलमच बांधावं लागतं. काजूची बीही पावसात सालासकट रुजते, पण तिच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं, तिला लहानांनी हात लावू नये. नारळाला मात्र महिनोन् महिने लागतात. त्याच्या तीन डोळ्यांपैकी एकच मऊ असतो, कोंब तिथून येतो, आणि आत एक स्पंजासारखा गोळा वाढत वाढत पाणी नि खोबरं दोन्ही शोषून घेतो. रुजलेला नारळ फोडून तो गोडसर गोळा वर्गात वाटून खाल्ला, तर शिदोरी म्हणजे काय ते जिभेलाही कळतं.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीआधी आम्ही ओहोटी बघून खाडीवर गेलो. कांदळाच्या, म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या खारफुटीच्या फांद्यांना हातभर लांब हिरवे दांडे लोंबत होते. मुलांना त्या शेंगा वाटल्या. त्या शेंगा नव्हत्या, रोपं होती. खारं पाणी, दिवसातून दोनदा येणारी भरती, हवा नसलेला चिखल, अशा जागी बीला वाट बघत पडून राहणं परवडत नाही. म्हणून कांदळाची बी झाडावरच, फळातच रुजते, आईच्या अंगावर वाढते आणि तयार रोप होऊन खाली सुटते. एक दांडा आमच्यासमोरच पडला आणि भरतीबरोबर निघून गेला. दुसरा एका मुलाने उचलून चिखलात खोचला. दिवाळीनंतर तो बापाबरोबर होडीतून मुद्दाम तिथे जाऊन आला. पानं फुटली होती. ते सांगून झाल्यावर तो थोडा वेळ माझ्या टेबलाशीच उभा राहिला.

"बाई, चवळीतला पोर निजलेला होता. ह्यां निजलांच नाय काय?"

"नाही रे बाळा," मी म्हटलं, "हे निजलंच नाही."