स्मोल्ट्झचे दोन हंगाम

अमेरिकेतल्या अटलांटा ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाच्या जॉन स्मोल्ट्झचा २००३ सालचा ईआरए, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकांतून निघालेल्या धावा वगळून नऊ इनिंगच्या पूर्ण सामन्यामागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावा, अवघा १.१२ होता. २००५ मध्ये तोच आकडा ३.०६ झाला. त्याची गोलंदाजी काही ढासळली नव्हती. २००३ मध्ये तो सामन्याच्या शेवटी येणारा क्लोजर होता आणि २००५ मध्ये पहिल्या चेंडूपासून खेळणारा स्टार्टर.

स्टार्टरला पाच-सहा इनिंग पुरेल अशी ताकद राखून ठेवावी लागते आणि त्याच फलंदाजांना दोनदा-तीनदा सामोरे जावे लागते. तिसऱ्या भेटीपर्यंत फलंदाजाने त्याचा चेंडू ओळखलेला असतो. स्टार्टरच्या जागी नंतर येणारा रिलीव्हर (क्लोजर हा त्यातलाच) मात्र एका इनिंगमध्ये सारा जोर ओततो आणि दोनच हुकमी चेंडूंवर निभावून नेतो. त्यामुळे स्टार्टर रिलीव्हर झाला, की त्याचा ईआरए साधारण एका धावेने उतरतो. हा फरक मोजताना सर्व स्टार्टर एका बाजूला आणि सर्व रिलीव्हर दुसऱ्या बाजूला ठेवून चालत नाही, कारण बरेचसे रिलीव्हर हे स्टार्टर म्हणून न टिकलेलेच असतात. दोन्ही कामे केलेल्या पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, स्वतःशीच तुलना करावी लागते. त्यातही एक मेख आहे. भूमिका बहुधा वाईट हंगामानंतर बदलली जाते आणि त्या हंगामात दुर्दैवाचाही वाटा असतो, म्हणून पुढची सुधारणा सगळीच नव्या कामाची नसते.

शिवाय ईआरए स्वतःही रिलीव्हरकडे थोडा झुकलेला आहे. पहिल्या पिचरने दोन धावपटू बेसवर सोडले आणि पुढच्याच चेंडूवर रिलीव्हरने फटका खाऊन दोघांनाही घरी पोहोचू दिले, तरी त्या दोन्ही धावा आधीच्याच्या नावावर चढतात.

आता स्मोल्ट्झचा हिशेब. सहज मिळणारा बदली स्टार्टर नऊ इनिंगमागे ५.५ धावा देईल आणि बदली रिलीव्हर ४.५, असे समजू. २००५ च्या २२९⅔ इनिंगमध्ये स्मोल्ट्झने संघाच्या सुमारे ६२ धावा वाचवल्या. २००३ च्या ६४⅓ इनिंगमध्ये सुमारे २४. क्लोजर अटीतटीच्या क्षणी येतो, म्हणून त्याच्या धावांचे वजन वाढवणे योग्यच. पण ते सगळेच त्याच्या पदरात टाकता येत नाही, कारण तो नसता तर ती वेळ बदली खेळाडूवर न येता संघातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या रिलीव्हरने सांभाळली असती. समजा त्याचे क्षण सरासरीच्या १.८ पट मोलाचे होते, जादा ०.८ पैकी निम्मे धरण्याच्या रूढ पद्धतीने गुणक १.४ येतो आणि २४ चे ३४ होतात. म्हणजे १.१२ चा डोळे दिपवणारा हंगाम ३.०६ च्या हंगामाच्या जेमतेम निम्म्यावर येतो.

हे गणित मांडल्यावर, १९९२ मध्ये केवळ ८० इनिंग टाकलेल्या डेनिस एकर्सली या क्लोजरला अमेरिकन लीगचा सर्वात मोलाचा खेळाडू ठरवणारा कौल मला तरी पचायला जड जातो.