ई-लर्निंगचा तास आणि मुलांचा डिजिटल प्रकल्प: फरक नेमका कुठे?

शाळेत ‘तंत्रज्ञानाचा वापर’ म्हटलं की दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली जमा होतात. प्रोजेक्टरवर जलचक्राची चित्रफीत दाखवली, ही एक. मुलांनी संगणकावर जलचक्र तयार केलं, ही दुसरी. दोन्हीला वीज लागते, पडदा लागतो, दोन्ही वेळा वर्गात उत्साह असतो. त्यामुळे दाराशी उभं राहून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. मुलाला काय करावं लागतं ते पाहिलं की मात्र तो लगेच कळतो.

पहिला प्रकार आपल्या ओळखीचा आहे. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि त्या काळात जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांनी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, एलईडी टीव्ही, टॅब घेतले. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे डिजिटल पाठांचं सरकारी व्यासपीठ आलं, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. इथे आशय कोणीतरी आधीच तयार केलेला असतो. मूल तो पाहतं, ऐकतं, शेवटी प्रश्नमंजूषा सोडवतं. याला कमी लेखायचं काहीच कारण नाही. हृदयाच्या झडपा कशा उघडतात-मिटतात हे फळ्यावरच्या आकृतीत कधीच दिसणार नाही, चलचित्रात दिसतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी कन्नड मातृभाषेच्या मुलांसाठी पाठ त्यांच्या भाषेत नेले आणि पुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता, गोष्टी, व्हिडिओ दिले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. वर्गातली भाषाच परकी असलेल्या मुलासाठी असा ऐकता येणारा पाठ म्हणजे शिक्षणाचं दार उघडणं आहे.

दुसऱ्या प्रकाराची मुळं बरीच जुनी आहेत. गणितज्ञ सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. मुलानं पडद्यावरच्या कासवाला आज्ञा द्यायच्या आणि कासवानं रेषा काढायच्या. इतकं पुढे, इतक्या अंशांत वळ, पुन्हा पुढे. त्यांचं म्हणणं असं की, मूल दुसऱ्याला दाखवता येईल अशी एखादी वस्तू घडवत असतं तेव्हा ते सर्वांत खोल शिकतं. याच परंपरेतून अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतल्या मिचेल रेझनिक यांच्या गटानं २००७ मध्ये ‘स्क्रॅच’ आणलं. त्यात आज्ञा टाइप करायच्या नसतात, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. ते मोफत आहे आणि एकदा संगणकावर उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. आपल्याकडच्या शाळांसाठी ही फार मोठी सोय आहे.

आता तेच जलचक्र स्क्रॅचमध्ये करायला सांगा. मूल समुद्र काढतं, थेंब काढतं, थेंब वर पाठवतं. किती वर? हा आकडा त्यालाच टाकायचा आहे. थेंबाचा ढग कुठे व्हावा, आणि तिथेच का? चित्रफितीत हे सगळं आपोआप घडून जातं, डोळे ते पाहतात आणि मन ‘कळलं’ म्हणतं. ठोकळे जोडताना मात्र ‘उंचीवर हवा थंड असते म्हणून सांद्रीभवन होतं’ हे वाक्य एक अट बनून समोर उभं राहतं. अट लिहिली नाही तर थेंब पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन अडकतो.

पुढची अडचण आणखी बोलकी आहे. पाऊस पडतो, थेंब जमिनीवर येतो आणि प्रोग्रॅम थांबतो. मुलाला समुद्र, वाफ, ढग, पाऊस हा क्रम पाठ असतो, पण पाठांतर पावसाशी संपतं. थेंबाला परत समुद्रात न्यायचं तर जमिनीला उतार हवा, नदी हवी. काही थेंब मुरायला हवेत. मग शिक्षकांनी सहज विचारावं, मुरलेलं पाणी गेलं कुठे? आता चित्रात विहीर काढावी लागते. कोणी तापमानासाठी वेगळा चल (बदलता येणारा आकडा) घेतो आणि चैत्रात वाफ जास्त का, हे आकडे बदलून दाखवतो. त्या मुलाला जलचक्र किती समजलंय हे वेगळी परीक्षा न घेताही शिक्षकांना दिसतं, कारण न समजलेला भाग पडद्यावर बंद पडलेला असतो.

घोटाळा होतो तो मधल्या गोष्टींमुळे. ‘प्रकल्प’ म्हणून मुलं पीपीटी करून आणतात: इंटरनेटवरून चार परिच्छेद, सहा चित्रं, शेवटच्या पानावर धन्यवाद. फाइल मुलानं बनवली खरी, पण एकही निर्णय त्याचा नव्हता. माझ्या मते हे पहिल्याच प्रकारात मोडतं, फक्त पाहणाऱ्याच्या जागी चिकटवणारा आला. एआयला एक ओळ सांगून गोष्ट आणि चित्रं काढून घेतली तरी तेच. ओळखण्याची माझी खूण साधी आहे. वर्गातल्या पाच गटांचं काम जवळजवळ सारखं आलं, तर तो प्रकल्प नव्हता. आणि ‘हे असं का केलंस?’ या प्रश्नाला उत्तर नसेल, तरीही नव्हता.

उलट एकच साधन दोन्ही बाजूंना वापरता येतं. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं ‘जिओजेब्रा’ हे गणिताचं, भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर घ्या. शिक्षक पडद्यावर त्रिकोणाचा एक शिरोबिंदू ओढतात, कोन बदलत राहतात, बेरीज १८० अंशच राहते. सुंदर प्रात्यक्षिक, पण प्रात्यक्षिकच. तेच मुलांना सांगा: असा चौरस काढा की कुठलाही कोपरा ओढला तरी तो चौरसच राहिला पाहिजे. अंदाजानं चार बिंदू ठेवून काढलेला चौरस पहिल्याच ओढीत वेडावाकडा होतो. मग लंब काढावा लागतो, वर्तुळ काढून बाजूंची लांबी बांधून ठेवावी लागते. चौरसाचे गुणधर्म घोकून झालेल्या मुलांनाही इथे पहिल्यांदा त्यांचा उपयोग करावा लागतो.

म्हणून शाळेनं यंत्रं किती घेतली यावरून काही ठरत नाही. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरातच्या एकशिक्षकी शाळेत प्रत्येक मुलामागे एक छोटा लॅपटॉप देण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यामागेही पॅपर्ट यांचाच विचार होता, यंत्र मुलाच्या हातात हवं. बहुतेक शाळांना ते परवडणारं नाही, पण घडवण्याच्या कामाला दर मुलामागे यंत्र लागतंच असंही नाही. तीन-चार मुलांचा गट आणि एक संगणक पुरतो, मात्र माउस दर दहा मिनिटांनी दुसऱ्या हातात गेला पाहिजे. हे शिक्षकांनी घड्याळ लावून पाहावं. नाहीतर माउस एकाच मुलाकडे राहतो, मुलींच्या वाट्याला वही लिहिणं येतं, आणि गटाच्या नावाखाली चौघांतला एकच शिकतो.

संगणक मुळीच नसेल तर साधा मोबाइलही चालतो. गी पॉयतवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकारानं महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. तसंच काम छोट्या प्रमाणावर वर्गातही करता येतं. मुलांनी आपल्या आजीच्या चार ओव्या रेकॉर्ड करायच्या, जशाच्या तशा लिहून काढायच्या, अडलेले शब्द तिलाच विचारायचे, ओवीत आलेलं गाव नकाशावर शोधायचं. कुठली ओवी आधी ठेवायची, कुठे आवाज पुरतो, कुठे जात्याचा फोटो हवा, हे सगळं मुलंच ठरवतात. पाठ्यपुस्तकातली ओवी क्यूआर कोडवर आधी ऐकवली असेल तर या कामाला चांगली सुरुवात मिळते, दोन्ही प्रकार एकमेकांना पूरक ठरतात ते असे. फक्त ते रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा यूट्यूबवर टाकण्याआधी आजीला विचारायचं. ती नको म्हणाली तर ते शाळेपुरतंच ठेवायचं. मुलांच्या गुणांत त्यामुळे काही कमी करायचं नाही.